साडेचारची गोळी

सोमवार, ४ नोव्हेंबर

सगळ्यांत आधी आली ती सित्स्के, डाव्या हाताची शेजारीण. आजच या नव्या घरात राहायला आले, माझे जोडेसुद्धा काढून व्हायचे होते. तिच्यामागून उजवीकडची बाउक्ये, सफरचंदाचा केक घेऊन. सित्स्के म्हणे विकतचा आहे, बाउक्ये म्हणे तुझ्या जिभेला काय कळतंय. हसून पोट दुखलं. म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या या घरांच्या ओळीत माझं मधलं. मागच्या दाराशी कालवा, त्यात बदकं. आमचे हे, गोस्से, असते तर गळ टाकूनच बसले असते, पण ते जाऊ दे. नात निन्के म्हणाली, बेप्पे, म्हणजे आजी, रोज लिहीत जा. शाळा माझी चौथीपर्यंतची, चुका होणारच. वोप्के, माझा कुत्रा, दोघींच्या मांडीवर बसून आला. इथल्या रीतीप्रमाणे जास्तीची चावी सित्स्केकडे ठेवली.

बुधवार, ६ नोव्हेंबर

वोप्के साडेचार वाजले की मागच्या दाराशी भुंकतो. कालही, आजही. अंगावरचे केस उभे. दहा मिनिटांनी गप्प. दोघी आल्या, गोडच बोलल्या, पण तक्रारच ती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून भीतीची गोळी आण म्हणाल्या. त्यांच्या जनावरांनाही देतात. बाउक्येचं मांजर मी उचलून पाहिलं. उशी उचलावी तसं. डोळासुद्धा उघडला नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई भली पोर. वोप्केला नीट तपासलं. गोळी लिहून दिली, भीतीच्या वेळेआधी तासभर, लिव्हर सॉसेजच्या तुकड्यात दडवून. पण नुसत्या गोळीवर राहू नका, तो कशाला भितो ते आधी शोधा, असं दोनदा बजावलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

गोळी लागू पडली. वोप्के गप्प. मला इतका आनंद, की बिस्किटं भाजली. आणि तो गप्प होता म्हणूनच ऐकू आलं. पाण्यातून काहीतरी वर चढत होतं. काल काठाशी चिखलाचे ठसे होते, आज अंगणाच्या मध्यापर्यंत. पाय म्हणावेत तर बोटं फार लांब.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

काल गोळी दिली नाही. वोप्के भुंकला, नवा ठसा एकही नाही. म्हणजे त्याच्या भुंकण्यानंच ते अडतं, आणि गोळी द्यायला लावली या दोघींनी. तशीच तणतणत सित्स्केकडे गेले. ती कॉफी ढवळत राहिली. म्हणाली, "आम्हाला ठाऊक आहे, शेजारीणबाई. ते मधल्याच घरी येतं. आमची जनावरं उगाच ओरडायची, मग उठून बघावं लागायचं."

माझ्याआधी या घरात राहायची तिचं काय झालं, विचारलं. तिच्याकडे कुत्रा नव्हता म्हणे.

उठून बघावं लागायचं! शेजारीण मेली तरी चालेल, यांची कॉफी निवता कामा नये. असला संताप मला आयुष्यात आला नव्हता. चावी मागितली. कुठं ठेवली आठवत नाही म्हणे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पत्ते खेळून चारला परतले. वोप्के जमिनीवर पसरलेला, तोंडाशी सॉसेजचं साल. हलवलं, हाका मारल्या. त्याच चावीनं घरात शिरून माझ्या कुत्र्याला गोळी चारली! साडेचारला मीच पातेलं बडवलं. ते पायरीपर्यंत आलं. पातेल्याला भीत नाही.

निन्केला फोन केला. उद्या संध्याकाळी सहाला न्यायला येते. वोप्केला कुशीत घेऊन बसले आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर, दुपार

सामान बांधलं. वोप्के जागा आहे. साडेचार ते सहा, दीड तास काढायचा.

साडेतीनला दोघी दारात. आत घेणार नव्हते. सित्स्के माफी मागत रडायला लागली, मी मूर्ख तिच्याशी भांडत बसले — तेवढ्यात बाउक्ये मागच्या दारानं —

सॉसेज खाल्लं त्यानं. शपथेवर सांगते, माणसं नव्हेत ही.

मलाही एक गोळी ठेवून गेल्यात. घे म्हणाल्या, बरं वाटेल. चुलीत टाकली. मी जागीच राहणार.

सव्वाचार. वोप्के, ऊठ रे राजा —

पुढच्या दाराला त्यांनी बाहेरून कुलूप —

साडेचार. मागच्या दाराच्या काचेवर ओलं, लांब बोट. मग दुसरं. वोप्के उठला. भुंकत नाही, गोळीनं भीतीच उरली नाही त्याला. शेपटी हलवतोय, दाराकडे बघून —

भिंतीपलीकडे कपबश्या वाजतायत. ऐकतायत दोघी. जाताना म्हणाल्या, मंगळवारी परत येतो, घर आवराय—