डोंगरावर साठ लिटर पाणी

कोलाडच्या वरचा डोंगर,
मंगळवार, सकाळी नऊ (ऋत्विकच्या घड्याळात. माझं बंद पडलंय, ते पुढे येईल.)

तीर्थरूप दादास,

सरूचा डोंगरावरून नमस्कार. (मोठ्या भावाला उंचावरून केलेला नमस्कार चालतो की नाही मला ठाऊक नाही. चालत नसेल तर खाली उतरल्यावर पुन्हा करीन.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच घेतोस ना? वहिनीच्या कंबरेला आराम पडला का? आम्ही खुशाल आहोत, आणि मी तर इतकी खुशाल आहे की तुला संशय येईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. इथे फोनला रेंज नाही. असती तरी मी पत्रच लिहिलं असतं, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्र तुझ्या जितेशबरोबर पाठवतेय. त्याची आज सेकंड शिफ्ट आहे, ती करून तो घरी येईल तोवर तू घोरत असशील, म्हणजे तुझ्या हाती हे उद्या सकाळी पडेल. चहा झाल्यावर वाच. आधी वाचू नकोस.

मला तू इथे कशाला धाडलंस ते मी क्षणभरही विसरलेली नाही, हे आधीच लिहून ठेवते. आपला जितेश आणि वरसे गावची प्रतिक्षा एकाच कंपनीत, दोघांचं एकमेकांवर मन, पोरगी गुणाची, आपली काही तक्रार नाही. अडलंय ते तिच्या आईपाशी. अनिताबाईंनी पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं होतं की पोरगा सोन्यासारखा आहे, पण गाव खाडीवरचं, प्यायला पाणी नाही, आणि माझ्या पोरीच्या डोक्यावर हंडा मला बघवायचा नाय. झालं, तेव्हापासून तीन महिने गाडी तिथेच, आणि आपला पोरगा अर्ध्या भाकरीवरून उठतोय. मग दिवाळी झाल्यावर त्यांच्याकडूनच बोलावणं आलं. अनिताबाईंचा भाचा ऋत्विक दरवर्षी पाऊस गेला की डोंगरावर तंबू लावतो, मुंबईची माणसं शनिवार-रविवारी येऊन त्यात झोपतात, त्याला कॅम्पिंग म्हणायचं. बाकीचे दिवस तंबू रिकामेच. तेव्हा कापणी उरकत आली आहे तर दोन्ही घरची माणसं दोन दिवस मोकळ्या हवेत एकत्र राहू, असं त्यांनी सुचवलं. तू म्हणालास की या वयात मी कापडाच्या घरात झोपणार नाही. वहिनी तुला सोडून येऊ शकत नाही, कारण तुला चहा करता येत नाही. राहिले मी, आणि बरोबर जितेश. आणि रविवारी रामवाडीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून डोकं आत घालून तू मला तीनदा बजावलंस: समोर येईल त्याची स्तुती कर, दुसऱ्यांदा वाढलं तर एकदा नको म्हण, आणि काही झालं तरी पाण्याचा विषय काढू नकोस.

आता शांतपणे वाच. विषय मी तोंडाने काढलाच नाही. पण माझ्या सामानात दोन साड्या, एक स्वेटर, सुकटीची चटणी आणि वीस-वीस लिटरचे तीन कॅन भरून पाणी होतं. आईची शपथ, दादा, हे मी मुद्दाम केलं नाही. आपल्याकडची बाई लग्नाला जाऊ दे, दवाखान्यात जाऊ दे, नाहीतर पोलीस चौकीत जाऊ दे, ती पाणी घेऊन निघते. हात आपोआप कॅनकडे जातो. आणि दोष माझा एकटीचाच आहे असंही नाही. रिक्षात ते कॅन ठेवायला जागा व्हावी म्हणून तूच पाय वर घेतले होतेस, तेव्हा नाही विचारलंस कशाला ते! एसटीत एका कॅनचं झाकण ढिलं होतं. हायवेवरचा एकही खड्डा ड्रायव्हरने सोडला नाही, आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या शेजारच्या सफारीवाल्या गृहस्थांच्या मांडीवर एकेक ओंजळ पडत होती. बिचारे नागोठण्याला उतरले तेव्हा कंडक्टरदेखील त्यांच्याकडे बघेना.

कोलाडला अनिताबाई, त्यांचे यजमान गोविंदराव आणि प्रतिक्षा टेम्पो घेऊन उभे होते. कॅन बघून अनिताबाई संकोचल्या. त्यांना वाटलं आपण घरचं कोकम सरबत आणलंय. "एवढं कशाला गो ताय?" म्हणाल्या, आणि मी (तुझी आज्ञा म्हणून) गप्प बसले. डोंगराच्या पायथ्यापासून वर पाऊण तासाची चढण. जितेशने तीन खेपा करून तिन्ही कॅन खांद्यावरून वर नेले. मी म्हटलं, बघू दे, पोरगा दणकट आहे हे तरी दिसेल. वर पोचले आणि बघते तर काय, तंबूंपासून दहा पावलांवर ओहोळ! आणि तोही कसा, गुडघाभर, स्वच्छ, खडकावरून खळखळ उड्या मारत जाणारा. तेवढ्यात गोविंदरावांनी हौसेने एका कॅनमधून पेला भरला, तोंडाला लावला आणि म्हणाले, "ह्ये तर पाणी हाय." अनिताबाईंनी एकदा ओहोळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. जितेश आकाशाकडे बघायला लागला. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हटलं की आमच्याकडचं पाणी पचायला फार हलकं असतं. (देव मला क्षमा करो. आपल्याकडचं पाणी प्यायला भेटलं तरच ते हलकं की जड ते कळणार ना!)

ते सोड. डोंगराबद्दल लिहिते, नाहीतर म्हणशील सरू नुसती भानगडी करून आली. दादा, इथून खाली बघितलं की काही शेतांत पिवळं भात अजून उभं, काहींत कापून पसरलेलं, मधून कुंडलिका नदी चमकते, आणि सकाळी धुकं वर येतं ते थेट आपल्या पायांशी. गवत कंबरेएवढं. त्यात कुर्डूचे गुलाबी तुरे, आणि फुलपाखरं इतकी की मी आधी हातांनी वारत होते, मग सोडून दिलं. ऊन आहे पण टोचत नाही. वाऱ्याला ओल्या गवताचा आणि नव्या भाताचा वास. आपल्या बांधावर उभं राहिलं की चारी दिशांना सपाट; इथे मान वर केल्याशिवाय आकाश सुरू होत नाही. तंबूचं मात्र काही खरं नाही. आत जायचं ते रांगत. सोयरीक जुळवायला आलेल्या बाईने होणाऱ्या विहिणीसमोर रांगायचं, ही कुठली रीत? झोपायला एक पिशवी देतात, त्यात शिरून गळ्यापर्यंत चेन ओढायची. माझी चेन अडकली आणि सकाळी प्रतिक्षाने मला भाताच्या गोणीसारखं उभं करून बाहेर काढलं. हसत होती, पण हळू हातांनी. पोरगी मला तेव्हाच आवडली.

माझी खरी पंचाईत केली ती ओहोळाने. मी त्याच्याकडे पाठ करून बसले, तरी कानात तोच. कोणीतरी नळ उघडा टाकून गेलंय आणि आपण उठून तो बंद केला पाहिजे, असं मला सारखं वाटत होतं. एवढं गोडं पाणी, कोणी रांगेत नाही, कोणी भांडत नाही, आणि ते आपलं चाललंय खाली! प्रतिक्षाने अर्धा पेला पाणी झुडपात फेकलं तेव्हा मी ओरडले. तिला वाटलं साप. शेवटी सोमवारी दुपारी मी पाय बुडवून बसले. मग कंबरेपर्यंत. मग साडीसकट आडवी झाले, घड्याळासकट. दादा, मला रडू आलं. साठ वर्षांत मी कधी मोजल्याशिवाय आंघोळ केली नव्हती. आई आपल्याला एका घमेल्यात उभं करून त्याच पाण्यात दोघांना धुवायची, ते आठवलं. तिला हे दाखवायला हवं होतं. मग रडता रडता मला हसूही आलं, कारण गोविंदराव ओहोळापासून दोन हातांवर खुर्ची टाकून बसले होते आणि तिथून हाक मारत होते, "अनिता, पाणी!"

आणि आज सकाळी ते झालं. पाचला सवयीने जाग आली. आपल्या टाकीवर पाणी यायची वेळ. मी उठले, अंधूक दिसत होतं, आणि समोर ओहोळ, बाजूला रिकामी भांडी. माझे हात चालायला लागले ते थांबेनात. दोन पातेली भरली, कुकर भरला, कढई, किटली, चार डबे, ऋत्विकची बर्फाची पेटी, सगळे पेले. (गोविंदरावांच्या गमबुटात मी भरलं नाही. ते दवाचं असेल.) तासाभराने अनिताबाई चहा टाकायला आल्या तर तळावर रिकामं भांडं नाही! त्यांनी एक पातेलं उचलून ओतायला तिरकं केलं आणि मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. ओतू देईना. विहिणीचा हात धरून भांडायला उभी राहिले मी, विचार कर. तेव्हा त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "ताय, तुमच्याकडं पाणी भरतं कोण?"

तुझी आज्ञा तिथेच मोडली. मला खोटं बोलवेना. (या वेळेला तरी.) मी सगळं सांगून टाकलं: टाकीवरची रांग, एक दिवसाआड येणारं पाणी, मे महिन्यातले टँकर. तुमची भीती खोटी नाही, असंही म्हटलं. पण वहिनीची कंबर धरली तेव्हापासून, म्हणजे आठवीपासून, हंडा जितेश उचलतो. शिफ्टवरून आला तरी आधी टाकीवर जातो. परवा हे तिन्ही कॅन त्यानेच भरले आणि त्यानेच वर आणले. अनिताबाई खुर्चीतल्या गोविंदरावांकडे बघून म्हणाल्या, "आमच्या दारातनं बारा महिने व्हाळ वाहतो. पंचवीस वर्सांत ह्या माणसानं मला एक तांब्या भरून दिला नाय गो ताय. तुमच्याकडं पाणी नाय, पण भरणारा हाय." आणि प्रतिक्षाला हाक मारून म्हणाल्या, साखर काढ. जितेश ओहोळाच्या पलीकडे उभा होता. तो अलीकडे कसा आला ते त्यालाच ठाऊक, पण बूट भिजले होते आणि त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. गोविंदरावांनी त्यानंतर स्वतः उठून पाणी घेतलं. सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा दादा, होकार आला! वहिनीला सांग, गोडाचं कर. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या रक्तदाबाला माझ्यातर्फे शांत राहायला सांग.

तुझी धाकटी,
सरू

ता. क. : होकार देताना अनिताबाईंनी आणखी एकच प्रश्न विचारला होता, तो वर लिहायचा राहिला. "जितेश शिफ्टला असला म्हंजे कोण भरतं?" मी सांगितलं, त्याचे वडील. (माझ्या तोंडात दुसरं काही आलंच नाही.) त्यांना ते फार भावलं. किती वर्षं भरतात म्हणाल्या, तर मी तीस म्हटलं. म्हणून येत्या रविवारी त्यांची नऊ माणसं तंबू घेऊन दोन दिवसांसाठी आपल्या बांधावर कॅम्पिंगला येत आहेत, आणि सोमवारी पहाटे साडेपाचला टाकीवर तुला डोळ्यांनी बघणार आहेत. जितेशला त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट आहे. तेव्हा उद्यापासूनच सुरुवात कर. आधी कळशी घे, मग हंडा. खांद्यावर टॉवेलची घडी ठेव. रांगेत आपला नंबर केरूच्या बायकोच्या मागे असतो, तिला वाट विचारू नकोस. मिठागरात जन्म काढलास, खारं पाणी तुला वासाने कळतं. गोडं पाणी घरात कुठून येतं ते एकदा बघून ठेव. पोराचं लग्न आता तुझ्या खांद्यावर आहे.

आणखी एक ता. क. : मी मदतीला येणार नाही. ऋत्विकने शनिवारपर्यंत राहायला सांगितलंय. दिवसातून तीनदा आंघोळ करीन.

शेवटचं ता. क. : वहिनीने विचारलं की "काय लिहिलंय सरूने", तर "काही नाही, खुशाली" असं सांगायचा बेत असेल तर तो सोड. तिला मी वेगळी चिठ्ठी दिली आहे आणि ती रात्रीच तिच्या हातात दे असं जितेशला बजावलं आहे. तू हे वाचतोयस तोवर तिने तुझा हंडा घासून दारात ठेवला असेल.