पाठमोरा डॉक्टर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नवी नोकरी म्हणून नवी वही. सकाळी शुभदेनं हातावर दही-साखर ठेवली आणि बजावलं की तिथं कोण कोण भेटलं ते रोज सांगायचं. ज्या मालिकेसाठी माझी बायको आठ वाजता कुकरखालचा गॅससुद्धा बंद करते, त्याच मालिकेच्या कपडेपटात नवरा लागला, म्हणजे थेरगावात तिचा भाव वधारला. मी मात्र पहिल्याच दिवशी सही करून दिलीय की आतलं बाहेर बोलणार नाही. आता घरी काय सांगायचं हा प्रश्नच आहे.

डांगे चौकातलं माझं ‘श्याम टेलर्स’ रेडिमेडनं गिळलं. त्यानंतर मिळालेलं हे पहिलं धड काम. चाकणला एका बंद पडलेल्या कंपनीची शेड आहे. बाहेरून पत्रा, आत चक्क बेट. फायबरचे माड, मधोमध टेकडी, भोवती हौदात निळं पाणी. वाळू वरवर पिवळी दिसते, पण चपलेनं जरा उकरलं की खाली काळी, जळकी वाळू लागते. लोखंड ओतणारे फाउंड्रीवाले टाकून देतात ती. तिचाच भराव घातलाय. गोष्ट अशी की बोट फुटून काही माणसं या बेटावर अडकलीत. त्यांच्यातल्याच एकानं बोट फोडलीय आणि तो कोण हे कुणालाच ठाऊक नाही. कपडेपटाच्या प्रमुख स्वरूपा मॅडम गोड बोलल्या. सगळे मला मास्तर म्हणतात. एकूण झोकात सुरुवात झाली.

बुधवार, ८ जानेवारी

आज पहिली बोलणी खाल्ली. फाटका कपडा दिसला की माझा हात आपोआप सुईकडे जातो. काल संध्याकाळी बसून नावाड्याची विजार शिवली, शिक्षिकेच्या पदराला रफू केलं आणि डॉक्टरच्या शर्टाला पाठीवर मोठी फाट होती, तीही शिवली. स्वरूपा मॅडमनी कपाळावर हात मारला. बेटावरच्या लोकांचे कपडे फाटकेच हवेत, धुवायचेही नाहीत. मी मुकाट्यानं विजार आणि पदर उसवले. डॉक्टरचा शर्ट राहू द्या म्हणाल्या, तो आता कुणी घालणार नाही. त्याचं काम करणारा निमिष नावाचा मुलगा सोडून गेलाय.

खाकी धागा संपला होता म्हणून तो शर्ट मी निळ्या धाग्यानं शिवलाय. टाका मात्र सुरेख बसलाय.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शुभदेनं केलेला तिळगूळ सेटवर वाटला. सगळ्यांनी हसून घेतला, खाल्ला कुणीच नाही. इथं प्रत्येक नटाला फक्त स्वतःच्या संवादांची पानं देतात, म्हणजे पुढचं गुपित फुटू नये. ती पानं हातानं झाकून, एकमेकांकडे पाठ करून जेवतात. आधी मला गंमत वाटायची. म्हटलं, नाटक अंगात भिनलंय. आता वाटतं, पानांची भीती नाही ही.

निमिष कुठे गेला म्हणून सहज विचारलं. स्वरूपा मॅडम म्हणाल्या, मुंबईत सिनेमा मिळाला. शिक्षिकेचं काम करणारी दिव्या म्हणाली, दिग्दर्शक दिग्विजय सरांशी भांडून गेला. लाइटवाला ज्योतीराम म्हणाला, आजारी पडला, गावी गेला. तिघांनीही शेवटी आवाज उतरवून एकच सल्ला दिला, की बाकीच्यांवर विश्वास ठेवू नका, मास्तर.

शुक्रवार, १७ जानेवारी

डॉक्टरचा शर्ट सकाळी ओला होता. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. खिशात हात घातला तर काळी वाळू. बेटावर कुणी कितीही लोळलं तरी अंगाला पिवळीच लागते. कुणीतरी नव्या माणसाची थट्टा करतंय असं धरून चाललो.

रात्री जेवताना शुभदा म्हणाली, आज डॉक्टर दाखवला. गुडघाभर पाण्यात उभा, पाठमोरा. मी म्हटलं, जुना शॉट असेल. त्यावर ती हसून म्हणाली, “अहो, एवढी मोठी सीरियल, आणि खाकी शर्टाला निळा टाका? तुमच्या दुकानात असं खपलं असतं का?”

निमिष गेल्यानंतर मी तो टाका घातलाय.

सोमवार, २० जानेवारी

गेटवर निमिषचे वडील आले होते. कुणी भेटायला जाईना, म्हणून नव्या माणसाला पिटाळलं. अर्जुनराव त्यांचं नाव, भूम तालुक्याकडचे. पटका, धुतलेलं धोतर, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दिवाळीपासून पोराचा फोन लागत नाही. पण घोर नाही म्हणाले. रोज आठला टीव्हीत दिसतोच की. आता कमरेइतक्या पाण्यात असतो. फक्त एक विचारायचं होतं त्यांना.

“आमच्याकडं तोंड का करीना वं त्यो? रुसलाय का आमच्यावर?”

मी खोटं बोललो. शूटिंग कोकणात चाललंय, निरोप देतो म्हटलं. त्यांनी माझे हात हातात घेतले. कासारवाडीत पुतण्याकडे उतरलेत, निरोपाची वाट बघणार आहेत. भाकरी मी आणून कपाटात ठेवली. मला माझीच लाज वाटते.

बुधवार, २२ जानेवारी

ज्योतीरामला कॅन्टीनमागे गाठलं. अर्जुनरावांचं सांगितल्यावर तो बोलला.

पाण्यात उतरून टेकडीकडे बघत उभं राहायचं, असा निमिषचा शॉट होता. पाठ कॅमेऱ्याकडे. हौदात पाणी जास्त भरलं होतं. टेकडीखालचा काळा भराव भिजून सुटला आणि समोरून त्याच्या अंगावर आला. धावपळ झाली. कुणीतरी मागून शर्ट धरून ओढलं, तर फाटका शर्टच हातात आला. कुणीतरी ओरडलं की तो पलीकडून बाहेर निघाला. कोण ओरडलं ते आजही कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पिवळ्या वाळूचे ट्रक आले, काही न उकरताच वर थर टाकला. जो तो म्हणतो, दुसऱ्यानं त्याला जाताना पाहिलंय. तेव्हापासून सगळे एकमेकांवर पाळत ठेवून आहेत, आधी कोण तोंड उघडतो म्हणून.

मी विचारलं, मग आता टीव्हीत दिसतो तो कोण? ज्योतीराम म्हणाला, “मास्तर, तो शॉट आमी घेतच न्हाई. एपिसोड हितनं च्यानलकडं जातो तवा त्यात तो नसतो.”

गुरुवार, २३ जानेवारी

ज्योतीराम आला नाही. स्वरूपा मॅडम म्हणाल्या, दुसरीकडे काम मिळालं. दिव्या म्हणाली, गावी गेला.

दिग्विजय सरांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, म्हातारा काय म्हणत होता? मग मला न्याहाळत राहिले. म्हणाले, मास्तर, तुमची अंगलट अगदी निमिषसारखी आहे.

शर्ट आज पिळून पाणी निघेल इतका ओला होता. भाकरीचं फडकं रिकामं. आत काळी वाळू.

घरी येऊन रात्री उशिरापर्यंत विचार केला. नुसत्या तोंडी बोलण्यावर पोलीस काय करणार. शर्टच न्यायचा. अर्जुनरावांच्या हातात द्यायचा, खरं सांगायचं आणि त्यांना घेऊन चौकीत जायचं. भीती वाटते. पण तो माणूस रोज आठ वाजता पोराची पाठ बघत बसतो.

शुक्रवार, २४ जानेवारी

गेटवर पिशव्या तपासतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर असतो. शर्ट बाहेर न्यायची एकच वाट आहे. आतून घातलाय. वरून माझा शर्ट, वरून स्वेटर. गारठ्यानं दात वाजतायत. बरोबर बसला, जणू माझ्याच मापानं बेतलेला.

सुटी झाली की गर्दीत निघायचं. तोवर कपडेपटात कडी लावून बसलोय.

—

गर्दी गेली. मला उठता आलं नाही. पाय जड —

शुभदेचा मेसेज. अहो, सांगितलं का नाही, डॉक्टर तुम्हीच ना आता? मानेवरचा तीळ ओळखला मी. छातीभर पाण्यात कशाला उतरलात थंडीचं. वळा ना एकदा.

मी इथंच आहे. खोलीत. खुर्चीवर.

स्वेटर निघाला. माझा शर्ट निघाला. हा निघत नाही. पाठीला हात लावून पाहिला — टाका कापडातून पुढे गेलाय. कातडीत. माझाच टाका आहे, हात ओळखतो —

समोरची भिंत काळी. ओली. सरकतेय.

पुन्हा मेसेज. वळत का नाही विचारतेय. रुसलात का —

नाही गं. अर्जुनरावांनाही कुणीतरी सांगा. कासारवाडी, पुतण्याकडे. पोरगा रुसलेला नाही. त्याला वळायचंय, रोज वळायचंय, पण वाळू मानेपर्यंत आली की नुसतं