गुरुवार, चार ते पाच

३ मार्च, सोमवार

आली एकदाची ती विद्यापीठातली बाई! असं मूल असलेल्या घरात दिवसभर काय चालतं, कोण किती बोलतं, कोण गप्प बसतं, याचा अभ्यास करतात म्हणे. 'ऑटिस्टिक' हा शब्द तिने सरळ उच्चारला, आवाज खाली न आणता. तेवढ्यासाठी तिला चहा दिला.

चिंगीने पाच दिवस एक जाकीट घालायचं. छातीवर खिसा, खिशात काडेपेटीएवढं यंत्र. घरातला शब्द न् शब्द त्यात जाणार. जाकिटाला मानेशी हे एवढं लेबल! मी म्हटलं, बाई, हे टोचलं तर ही आठ वर्षांची पोर घर डोक्यावर घेईल. लगेच कापून टाकलं. आमच्याकडे एकाही कपड्याला लेबल राहिलेलं नाही. शिवणकाम करते, कात्री हाताशीच असते.

"एखादा भाग नको असेल तर वार आणि वेळ लिहून द्या, आम्ही न ऐकता पुसून टाकतो," म्हणाली. मी तोऱ्यात सांगितलं, आमच्याकडे लपवण्यासारखं काय असणार!

"बोलते का काही?" नाही. आजवर एक शब्द नाही. आवाज मात्र हुबेहूब काढते — लिफ्टची घंटा, शेजारच्यांच्या दाराची करकर, माझं मशीन. एकदा मशीन चालू राहिलं म्हणून धावत गेले, तर मशीन बंद आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. बाई म्हणाली, "ऐकलेलं साठवतात काही मुलं. कधी बाहेर काढतील, नेम नाही."

४ मार्च, मंगळवार

यंत्र आल्यापासून घरात सगळे एकदम साजूक तुपातले! यांनी आज चिंगीला चक्क "बेटा" म्हटलं. थोरलीला, ताईला, हसू आवरेना. मलाही.

५ मार्च, बुधवार

ताईचा अर्ज आला. चित्रकलेची शाळा, रेल्वेने दहा तास, राहायची सोय तिथेच. २८ तारखेपर्यंत पाठवायचा. तिच्या चित्रकलेच्या क्लासच्या सरांनी स्वतः शिफारस लिहून दिली आहे. 'हात फार चांगला आहे' — हे त्यांचे शब्द.

बाईच्या फॉर्मात एक प्रश्न होता. भावंडाच्या आयुष्यावर परिणाम होतो का? एक ते पाचमध्ये आकडा लिहा. मी दोन लिहिला. खोटं! पंधरा वर्षांची पोर, एकही मैत्रीण घरी आणत नाही. सहाला क्लास सुटला की पळत येते, का तर आईला स्वयंपाकाला मोकळं करायचं. लहान होती तेव्हा एकदा म्हणाली होती, "आई, मी आजारी पडले तर तुला वेळ असेल का गं?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

जाऊ दे तिला. माझं व्हायचं ते होईल. एक तरी सुटली पाहिजे यातून. एवढी एकच गोष्ट मला या वर्षात नीट करायची आहे.

६ मार्च, गुरुवार

लिहू की नको, असं झालंय.

गिऱ्हाइकाचा कोट होता. लोकरीचा, नवीन अस्तर लावून तयार, उद्या द्यायचा. मी पाच मिनिटं फोनवर. परत येते तर चिंगीच्या हातात कात्री. कॉलरचं लेबल कापलेलं, लेबलाबरोबर अस्तर, अस्तराबरोबर कोट — थेट पाठीपर्यंत. मी नाही का सगळ्यांची लेबलं कापत? तिनेही कापलं. कोटाला टोचत असेल, असं वाटलं असेल तिला. हे आत्ता सुचतंय! तेव्हा डोक्यात तिडीक गेली. खांदे धरून गदागदा हलवलं तिला आणि ओरडले —

"तू नसतीस तर सुटलो असतो गं सगळे!"

हेच शब्द. वहीत लिहिते, कारण माणसाला कुठल्या तोंडाने सांगू?

बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि अर्धा तास रडले. बाहेर आले तर चिंगी शांत. गाल ओले, पण शांत. कोटाचे तुकडे लहान-मोठे असे ओळीने लावून ठेवलेले. घरात चिटपाखरू नव्हतं, तेवढं बरं. हे कामावर, ताई क्लासला. ताई सहाला आली, नेहमीसारखी. कोट बघितला, विचारलं काहीच नाही.

कोणी ऐकलं नाही.

यंत्राने ऐकलं.

७ मार्च, शुक्रवार

यंत्र परत दिलं. कागदावर लिहून दिलं — गुरुवार, चार ते पाच. बाईने कारण विचारलं नाही, तरी मीच म्हटलं, "पाहुणे आले होते." चोराच्या मनात चांदणं!

१५ मार्च, शनिवार

ताई म्हणते, जायचं नाही! परवापरवापर्यंत पेन्सिली मोजून डब्यात भरत होती आणि आता म्हणे, "नको वाटतंय. इथलंच कॉलेज बरं." का? "असंच." मैत्रीण म्हणाली का काही? "नाही." मग? नखं कुरतडत बसली.

हे म्हणतात, "राहू दे की मग. तुलाही हातभार." हातभार! अस्सा संताप आला. म्हटलं, हातभारासाठी पोरगी वाढवली का आपण? बशी आपटली मी. फुटली नाही, तेवढं नशीब.

१८ मार्च, मंगळवार

पुन्हा विषय काढला. पुन्हा तेच, "नको." मग माझा तोल गेला. म्हटलं, "भित्री भागूबाई आहेस नुसती! एवढी चालून आलेली संधी, आणि आईच्या पदराआड लपतेस. लाज वाटायला हवी." ताईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता काहीतरी बोलेल. चिंगीचं नाक पुसलं आणि तिला घेऊन आत गेली.

२१ मार्च, शुक्रवार

बाई कागद घेऊन आली. कोण किती शब्द बोललं, तासातासाचा तक्ता. मी सगळ्यात जास्त बोलते. त्यातलं निम्मं 'नको', 'थांब', 'हात लावू नकोस'. हे दिवसाला चाळीस-पन्नास शब्द, 'बेटा' धरून. चिंगीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य.

आणि गुरुवारी, चार ते पाच — नऊ.

मी म्हटलं, हे काय? बाई म्हणाली, "आवाज आम्ही पुसला. पण यंत्र त्याआधी आपोआप मोजून ठेवतं. नऊ शब्द, लहान मुलीच्या आवाजात." मग, "घरात दुसरी मुलगी होती का? यंत्र कधीकधी गल्लत करतं." नव्हती. ताई क्लासला होती.

परत मिळेल का तो आवाज? नाही. पुसलं ते पुसलं. माझ्याच सहीचा कागद फायलीत होता, तिने दाखवला.

आठ वर्षं कान लावून बसले होते. पोर बोलली, तेव्हा मी नळ सोडून रडत होते. आणि जे काय बोलली, ते स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. ताईला सांगितलं, तर तिचा चेहरा पांढराफटक. "यंत्र चुकलं असेल, आई," म्हणाली आणि उठून गेली.

दिवसभर मनात नऊ शब्द जुळवतेय. काय म्हणाली असेल?

२८ मार्च, शुक्रवार

अर्जाचा शेवटचा दिवस. कोरा अर्ज टेबलावर तसाच. ताई चिंगीची वेणी घालत होती, तीनदा सोडून तीनदा घातली. पाच वाजून गेले. तिने डब्यातल्या पेन्सिली काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

२९ मार्च, शनिवार

सकाळी सुईत दोरा ओवत होते. चिंगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. अचानक माझा आवाज आला — "तू नसतीस तर सुटलो असतो गं सगळे!" जसाच्या तसा, माझा, चिरका. मग नळाचा आवाज. मग बाहेरचं दार किल्लीने उघडल्याचा. आणि मग ताई, हळू, अगदी कानाशी बोलावं तशी —

"ऐकू नकोस तू. मी कुठे जात नाही. रडू नकोस."

बोटांवर मोजले. नऊ.

त्या दिवशी ताई क्लास सुटायच्या आधीच घरी येऊन गेली होती. अर्जाची मुदत काल संपली. भित्री म्हणाले मी तिला.