कापलेलं हसू

प्रिय दीपाली,

अक्षर ओळखलंस ना? घाबरू नकोस, शेवटपर्यंत वाच. तुमची मालिका टीव्हीवर आली याचा मला केवढा आनंद झाला होता! मोबाइलवर होती तोवर आपल्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये कुणी विचारत नव्हतं. आता संध्याकाळी घरोघरी तुमचंच शीर्षकगीत. नाकं मुरडणारी शेजारची मुक्ताईसुद्धा ‘आमची दीपाली’ म्हणून सांगत सुटली होती.

आपल्याच हॉलमध्ये तुम्ही शूटिंग करायचात. बाहेरची नटी परवडेना म्हणून आईचं काम मला दिलंत, मुलगी तू. अभिनय कसला, रोजच्यासारखी तुला ओरडत होते. मग कथेत मला मारलंत. माझ्या फोटोला हार घातला, शॉट झाला, आणि तुमचे कॅमेरावाले बद्रीनाथकाका अडून बसले, की आता ताईंनी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. मेल्याचं काम केलं की हसून दाखवायचं, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही, ही म्हणे त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. मी त्यांना चांगलं सुनावलं. आपण बौद्ध माणसं, असलं काही मानत नाही. पण त्यांचा चेहरा बघूनच मला हसू फुटलं, आणि ते तू भागाच्या शेवटी, नावांनंतर जोडलंस.

टीव्हीवर तो भाग लागला तेव्हा नावं सुरू होताच जाहिरात आली. चॅनेलने हसू कापलं होतं. वेळेत बसवायला काहीतरी कापावंच लागतं, तुला दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताई झाकलेलं ताट घेऊन आली. पिठलं-भाकरी. दार मी उघडलं, तर माझ्याकडे न बघता आत गेली आणि ताट तुझ्या बाबांपुढे ठेवून डोळे पुसायला लागली. मला वाटलं, टीव्ही हिच्या डोक्यात गेला. मी चिडले, तिच्या कानाशी ओरडले. बाबा मान खाली घालून भाकरी मोडत होते. तेव्हा मात्र मी ओरडायची थांबले.

तुला फोन केला होता. तू हॅलो हॅलो म्हणालीस, आणि मग रडत बाबांना विनवलंस, की आईच्या नंबरवरून लावत जाऊ नका. वाघोलीला तुझ्या सेटवरही आले होते. चहाचा कप घेऊन तू माझ्या समोरून गेलीस. परवा दूध उतू जायला लागलं, तेव्हा कागदावर ‘गॅस बंद करा’ लिहून बाबांपुढे ठेवलं. त्यांनी गॅस बंद केला आणि तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले. म्हणजे लिहिलेलं पोचतं.

आता लिहिण्याचं कारण. काल बाबा तुझ्याशी फोनवर बोलत होते. शुक्रवारी म्हणे तुझ्याही फोटोला हार घालायचाय. बद्रीनाथकाकांना चॅनेलने काढलं, तिथे तुला सांगणारं कुणी नाही. शॉट झाला की कॅमेऱ्याकडे बघून हस. अंधश्रद्धा म्हण, आईची कटकट म्हण, पण हस, आणि ते कुणाला कापू देऊ नकोस. पाया पडते तुझ्या. मला इथे फार एकटं वाटतं गं. तू जवळ असतीस तर, असं रोज मनात येतं. म्हणून हे पत्र आजच टाकते. उद्यापर्यंत थांबले तर टाकणार नाही.

अजूनही तुझीच,
आई