चित्राला विचारा

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४

रिटायर होऊन सहा महिने झाले. आजपासून लेखक. निर्णय सकाळीच घेतला, दाढी करताना.

कुसगावातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दर रविवारी वर्कशॉप असतं. चित्र बघा, कथा लिहा. स्नेहल नावाची तिशीतली मुलगी चालवते. तिनं आल्याआल्या नियम सांगितला: अर्थ चित्रकाराला विचारायचा नाही, चित्राला विचारायचा. फार पटला. कंपनीचं स्टोअर पस्तीस वर्षं सांभाळलं, मीही कधी कोणाला काही विचारलं नाही. बारा नंबरचा बोल्ट? चौथा रॅक, खालून दुसरा खण. डोळे मिटून सांगायचो.

संकल्प: संक्रांतीपर्यंत बारा कथा. मग पुस्तक. मग प्रकाशन. शाल आधी नको म्हणायची, मग घ्यायची.

९ नोव्हेंबर

अनितालाही नेलं. लिहायला चित्रं लागतात, आणि बायको घरात असताना ती बाहेर कशाला शोधा? लग्नाआधी तिला चित्रकलेचा नाद होता. माहेरून रंगांची पेटी आणली होती, ती मीच भंगारात दिली, ब्याण्णव साली. नुसती धूळ खात होती.

वर्गात तिनं विचारलं, काय काढू? म्हटलं, डोक्यात असेल ते काढ, म्हणजे कागद कोराच राहील. दोघं-तिघं हसले. स्नेहल हसली नाही. आजकालच्या मुलांना विनोद कळत नाही.

१६ नोव्हेंबर

पहिलं चित्र आलं. टेबल. एक ताट वाढलेलं, समोरचं ताट पालथं. बास, एवढंच. हात बरा आहे, डोकं चालत नाही. पण मी त्यातून 'ब्रह्मांडाची भूक' काढली, नऊ पानं.

अनिता दोनदा विचारून गेली, काही कळलं का चित्रातलं? म्हटलं, चित्रकारानं मध्ये बोलायचं नसतं. आत निघून गेली. शिस्त लागतेय.

२३ नोव्हेंबर

दुसरं चित्र. आपलाच दरवाजा, उघडा. उंबऱ्याशी एक बॅग. शेजारी बाईच्या चपला, तोंड बाहेर. बॅग म्हणजे आत्मा, दरवाजा म्हणजे मृत्यू. लगेच कळलं.

शेजारचे हौशीराम भाऊ नवा तांदूळ द्यायला आले होते. चित्र बघून म्हणाले, वहिनी कुटं निघाल्यात? मी अर्धा तास त्यांना प्रतीक म्हणजे काय ते समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, व्हय, पर चपला वहिनींच्याच हायेत न्हवं, अंगठा शिवल्याल्या. गाढवाला गुळाची चव काय! तांदूळ मात्र ठेवून घेतला. इंद्रायणी आहे.

३० नोव्हेंबर

वर्गात आत्म्याची कथा वाचली. चौदा पानं. शेवटी प्रज्ञेश म्हणून एक आयटीवाला आहे, त्यानं विचारलं, मॅडम बऱ्या आहेत ना? कथेबद्दल अक्षर नाही. स्नेहलनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, सर, नियम जरा बाजूला ठेवा, आज घरी गेल्यावर मॅडमना विचाराच.

नियम स्वतःच करायचे, स्वतःच मोडायचे. या मुलीकडून शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

ता.क. त्या हॉटेलवाल्यानं अनिताला भिंती रंगवायचं काम दिलंय. म्हणे कार्ल्यातही त्याचं एक हॉटेल आहे, तिथलंही देणार. रोज दहाला जाते, सहाला येते. माझा चारचा चहा सहाला. साहित्यासाठी हेही सोसतो आहे.

७ डिसेंबर

तिसरं चित्र. पाठमोरा माणूस खुर्चीत बसून लिहितोय. मागं एक बाई कप घेऊन उभी. माणसाची रेघ जाड, ठसठशीत. बाई पुसट, जवळजवळ नाहीच.

माणूस मी आहे, हे उघड आहे. बाई म्हणजे प्रतिभा. प्रतिभा कुठं दिसते? म्हणून पुसट. अनिताला स्वतःला हे कळलं असण्याची शक्यता शून्य. फक्त माझे केस कमी दाखवलेत. दुरुस्त करायला सांगितलं.

८ डिसेंबर

केस वाढवले तिनं. बाई आणखी पुसली. आता नुसता कप हवेत. चित्र सुधारलं.

१४ डिसेंबर

आज वर्गाला दांडी. मला गरज नाही.

मी लिहीत असताना अनिता समोर येऊन बसली. म्हणाली, मला काहीतरी सांगायचंय, लिहिणं जरा थांबवा. म्हटलं, चित्रातून सांग, तोंडानं काय, सगळेच सांगतात. वाक्य इतकं झकास जमलं की लगेच वहीत उतरवलं. मान वर केली तर खुर्ची रिकामी. टाळी वाजवायला तरी थांबायचं!

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी ८

अनिता घरात नाही. फोन बंद. लवकर गेली असेल भिंतीवर.

टेबलावर नवं चित्र. आजवरचं सगळ्यात मोठं. फळ्यांवर ओळीनं डबे. माणूस एकही नाही. लाल डब्यावर हिरवं पान, स्टीलच्या डब्यावर पांढरे ठिपके, आणि खालून दुसऱ्या खणात छोटी बाटली, तिच्यावर हृदय. शेवटी शिकली बाई! मी घडवली.

चहा घेऊन बसणार होतो. चहापत्ती सापडली नाही. आधी कथा.

सकाळी ११

पान म्हणजे पानगळ, ढळतं वय. ठिपके म्हणजे तारे. आणि हृदय! म्हणजे प्रेम. बाईनं मन मोकळं केलंय. इतक्या वर्षांनी मला थोडं भरून आलं, खोटं कशाला लिहू. सहा पानं झाली. डोकं दुखतंय.

दुपारी ४

हौशीराम भाऊ आले. उभेच राहिले. म्हणाले, वहिनींना पहाटं कार्ल्याला सोडून आलो. तितं खोली घेतलीया त्यांनी. सामान मीच टेम्पोत चढवलं, रागावू नका. मी म्हटलं, मला न सांगता? तर म्हणाले, वहिनी म्हनत व्हत्या, म्हयना झाला त्यास्नी सांगतीया.

मग त्यांची नजर चित्राकडं गेली. मी सहा पानं वाचून दाखवायला घेतली, पण ते सरळ स्वयंपाकघरात गेले. लाल डबा काढला, उघडला, माझ्यासमोर धरला. चहापत्ती. म्हणाले, हे लय सोपं काढलंय की, भाऊ.

ते गेल्यावर मी एकेक डबा उघडला. ठिपके म्हणजे साखर. खालून दुसरा खण, छोटी बाटली: माझ्या बीपीच्या गोळ्या. आज सकाळची राहिली होती. रोज ती हातावर द्यायची, कुठून आणते हे मला माहीत नव्हतं.

सहा पानं फाडली. हृदयाचं पान शेवटी फाडलं.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ७

गोळी घेतली. चहापत्ती आहे, साखर आहे. दूध कोणाकडून येतं ते चित्रात नाही. नीट पाहिलं, दोनदा.

विचारणार कोणाला?