आखाजीचा मुराळी

सावदा,
चैत्र वद्य एकादशी, २४ एप्रिल २०२५

चि. कामिनी हिस मामाचे आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. उपवासाच्या साबुदाण्यामुळे माझं पोट तेवढं अपवाद.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी ते आणलं त्यांना आधी सावलीत बसव आणि गूळपाणी दे. इतक्यात काही विचारू नकोस, बिचारे अडचणीत येतील. तू वाचत असताना ते नानीबाईच्या मोरीकडे चालू लागले, तर जाऊ दे. कारण पुढे येईलच.

तुझं पत्र पोचलं. 'मामा, झिऱ्याचं काम अर्धं राहिलंय, मला अजून एक वर्ष हवंय, आबांशी तुम्हीच बोला.' वा! वर्षभर ज्या माणसाने तुझं नाव घेतलं नाही, त्याच्यासमोर मला उभं करायचं. समाजसेवा तू करायची आणि समाजाचा मार मी खायचा, ही कामाची वाटणी मला आवडली.

गेल्या अक्षय्यतृतीयेनंतर, म्हणजे आपल्या आखाजीनंतर, बी.एस्सी.चा निकाल कपाटात ठेवून तू सॅक पाठीला लावलीस. तेव्हा तुझे आबा म्हणाले होते, "केयीवाल्याची पोर दुसऱ्याच्या गावात दगडं उचलाले जाईन? जाय. एक वरीस. त्याच्यावर एक दिवस नाही." तेवढं बोलून जे थांबले ते थांबले. धडगावहून, मेळघाटातून तू फोटो पाठवायचीस. तुझी आई लता ते मोठ्याने वर्णन करून सांगायची आणि आबांना नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर सुरू करायचा असायचा. पण ट्रॅक्टर जागेवरच धडधडायचा. हललेला मी तरी पाहिला नाही.

मग तू साक्रीच्या डोंगरात एका जागी टिकलीस आणि आषाढात मी पोतं घेऊन तुझ्याकडे आलो. केळीचे कंद. 'लताने पाठवलेत,' असं मी तुला सांगितलं होतं. लताने पाठवले असते तर त्यात लाडू निघाले असते, एवढं तुला कळायला हवं होतं.

नानीबाईने पोत्यात डोकावून मला विचारलेलं आठवतं ना? "केया आन्यात मास्तर, पन चैतमा पानी कोठे शे?" आमच्याकडे केळीला पाणी कोठून आणायचं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मग तीच मला सांभाळून घेत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आंग धोवानं पानी ते रोज पडस." आणि घराघराच्या मोरीशी एकेक कंद लागला.

हे मी परत आल्यावर आबांना सांगितलं नव्हतं. परवा सांगावं लागलं.

मी तयारीने गेलो होतो. पूर्वपक्ष काय मांडणार, त्याचं खंडन कसं करायचं, सगळं मनात रचलेलं. आबा बागेत ठिबकची नळी तपासत होते.

"दाजी, कामिनीचं पत्र आलंय."

"तुमच्या बहिनीले दाखवा."

"तिचं म्हणणं असं, की..."

"मास्तर, झिरा म्हंजे काय असतो?"

म्हणजे पत्र त्यांनी माझ्याआधी वाचलं होतं! लताचा प्रताप, दुसरं काय. मी सांगितलं: कोरड्या नदीत खड्डा करायचा, बायकांनी काठाशी बसून राहायचं, पाझरेल तसं वाटीवाटीने हंड्यात भरायचं. तुम्ही तो दगडांनी बांधताय, वरच्या उतारावर बांध घालताय, तेही सांगितलं. आबांच्या हातात नळी होती. तिच्यातून थेंब पडत होते.

"आन मी त्याईले केयी धाडली," ते म्हणाले.

मी घाईने तुझा फोटो पुढे केला, नानीबाईच्या मोरीवरचा. बाकीच्यांच्या वाळल्या, पण ही एक निसवली, मोठं केळफूल बाहेर आलंय, हे दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला. तू त्यात कोपऱ्यात उभी आहेस, तिथे बोट बराच वेळ थांबलं. मग म्हणाले, "टेकू नाही दिल्ला. घड पडीन."

झाला माझा शास्त्रार्थ.

घरी जेवताना लताने विचारलं, आखाजीला पोरीला आणायचं कसं. आबा म्हणाले, "मुराळी जाईन."

लता हसायलाच लागली. सासरी गेलेल्या पोरीला आखाजीसाठी माहेरी आणतो तो मुराळी. "लग्न नाही, सासर नाही, अन् मुराळी कायले?"

मीही म्हटलं, "दाजी, हे शास्त्रात बसत नाही."

"तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा, मास्तर. तिचं तठी घर आहे. घरून पोर आनाची तर मुराळीच जातो."

तुझा भाऊ कुंदन लगेच उठला. भावाचा मान तो, त्याने बाईकची किल्लीही घेतली.

"तू बस. तुले टेकू लावता येत नाही."

तर कामिनी, मुराळी तुझ्यासमोर आहे. गाडीच्या टपावर दोन बांबू आहेत. उतरवताना हात लाव. पाठीमुळे ते एकट्याने पेलत नाहीत, आणि तसं सांगायचेही नाहीत.

आता राहिली तुझी दुसऱ्या वर्षाची गोष्ट. त्याबद्दल त्यांना मी विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस. आज सकाळी लताने तुझं सगळं सामान भरून आणायला दोन मोठ्या पिशव्या गाडीत ठेवल्या. तुझ्या आबांनी त्या काढून पुन्हा घरात आणून ठेवल्या.

"आखाजीले आलेली पोर भांडेकुंडे घीऊन येते का?"

लता डोळे पुसून कडुनिंबाला झोका बांधायला दोर शोधू लागली.

तेव्हा दोन साड्या घे आणि ये. बाकी सगळं तिथेच राहू दे.

तुझा, न बोलताच खटला जिंकलेला,
अभिमनमामा