यकृत पूर्ववत होणेबाबत

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून दारू बंद. विषय संपला.

मुळात मी पिणारा नव्हेच. मी घेतो. ऑफिस सुटल्यावर भिकाजीबरोबर दोन, घरी आल्यावर एक, तीही जेवणाआधी. भिकाजी शाळेपासूनचा मित्र, रिक्षा चालवतो, त्याला एकट्याला कसं बसवणार. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज घेता का. म्हटलं, रविवारी संध्याकाळी अजिबात नाही. दुपारचं त्यांनी विचारलं नाही.

रिपोर्ट असा: रक्तात एसजीओटी ११८, जीजीटी ३४०, दोन्ही जास्त. लिव्हरमध्ये चरबी, शिवाय ते जरा कडक झालंय. कडकपणा मोजायचं मशीन ९.८ म्हणतं, सातच्या आत हवं. सिरॉसिस नाही. म्हणजे खरं तर काहीच नाही. मी म्हटलं, पण मला कुठे दुखत नाही. बाई म्हणाल्या, लिव्हर दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा येतात. तुम्हाला अजून परतीची वाट आहे. कमी करू नका, बंद करा. बिअरचं विचारलं. म्हणाल्या, लिव्हर बाटलीवरचं लेबल वाचत नाही. बाई हुशार आहेत, पण वय लहान.

एकदम सोडल्यावर त्रास होतो, फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून आठवड्याच्या गोळ्या दिल्या. एकटे राहू नका म्हणाल्या, घरी कोण असतं विचारलं. म्हटलं, बायको असते. असतेच. नोव्हेंबरपासून मालगुंडला माहेरी आहे एवढंच. माईंचे, म्हणजे तिच्या आईचे, गुडघे दुखतात.

योजना: महिन्याभरात लिव्हर पूर्ववत. रिपोर्ट घेऊन मालगुंड. मालिनी परत. शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. कागद चोख असला की काम अडत नाही.

८ जानेवारी. सकाळी ११

गोळ्या घेतल्या नाहीत. झोप आणतात, आणि मला ऑफिस आहे.

हात थरथरतोय. मस्टरवरची सही बघून साहेबांनी विचारलं, ही कुणी केली. पेन खराब. घाम येतोय. पंखा खराब. घराच्या भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली, जवळ गेलो तर एकही नाही. चष्म्याचा नंबर बदललाय.

१२ जानेवारी

मधले तीन दिवस अ‍ॅडमिट. आठच्या संध्याकाळी भिकाजी घरी आला, मी कपाटाशी बोलत होतो म्हणे. त्याने उचलून रिक्षात घातलं. सलाईन, इंजेक्शनं. बाईंनी विचारलं, मिसेस कुठे आहेत. भिकाजी म्हणाला, वैनी हयसर नायत, त्या मालगुंडला ऱ्हातत. बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

भिकाजीला नको तिथे तोंड उघडायची सवय आहे.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ९

प्रकृती उत्तम. मोबाईलवर अभ्यास चालू आहे. लिव्हर हा शरीरातला असा अवयव आहे की अर्धा कापून काढला तरी पुन्हा वाढतो. हे शाळेत नीट शिकवत नाहीत. मदत म्हणून कडू किराईत दोन वेळा, भुईआवळ्याचा रस एकदा. भाट्याच्या पुळणीवर, समुद्राकाठी, चालणं रोज. (आज नाही. ऊन होतं.)

मालिनीला फोन केला. तेरा दिवस झाले म्हटलं. म्हणाली, "बरं झालं." हाताचं विचारलं. म्हणाली, मूठ अजून पुरती वळत नाही, दहा मिनिटं पेटी वाजवली की मनगट भरून येतं. नोव्हेंबरात आरेवारेच्या वळणावर आमची गाडी घसरली, तेव्हा तिच्या उजव्या मनगटात प्लेट घालावी लागली. रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. मला खरचटलंसुद्धा नाही. घरी पुढच्या खोलीत ती मुलांना पेटी शिकवायची, ते सध्या बंद आहे.

लिव्हर बरं होतं तर मनगट का नाही होणार.

५ फेब्रुवारी. दुपारी ४

एसजीओटी ५२. जीजीटी १४०. किराइताचा गुण.

बाईंना तसं सांगितलं. त्यांनी ताबडतोब बंद करायला लावलं. म्हणाल्या, जडीबुटीने लिव्हर बिघडवून घेतलेले पेशंट मी दर महिन्याला बघते. तुमचं लिव्हर त्याचं काम त्याचं तेच करतंय, तुम्ही फक्त आड येऊ नका. अंडी खा, उसळी खा, बिनसाखरेची कॉफी चालेल, वजन उतरवा. चरबी आधी जाते. कडकपणा म्हणजे आतला व्रण, तो गेला तर हळूहळू जातो, सगळा जाईलच असं नाही.

हे शेवटचं वाक्य त्या सगळ्यांना सांगत असणार.

रिपोर्टचा फोटो मालिनीला पाठवला. अर्ध्या तासाने अंगठा आला. डाव्या हाताने टाइप करायला वेळ लागतो, म्हणून अंगठा.

२३ फेब्रुवारी

झोप लागते. सकाळी तोंड कडू नसतं. काल कुळथाच्या पिठीला चव होती. मालिनीची पिठी मी सत्तावीस वर्षं खाल्ली, चव कशी होती ते आठवेना. बहुधा अशीच असेल.

मालगुंडला जायचं ठरवलं होतं. पण पूर्ण नॉर्मल आल्याशिवाय जाऊ नये. अर्धवट फाईल वर पाठवायची नसते.

१४ मार्च. संध्याकाळी ७.३०

भिकाजीच्या गावी शिमग्याला. पालखी नाचवली. पालखीच्या दिवशी कुणाचं मन मोडू नये. भिकाजी म्हणाला, "चिंतू, तुका नाय." त्याने मला ओतली नाही हे लिहून ठेवतो, त्याच्यावर आळ नको. त्याच्या चुलतभावाने ओतली. तीन. फार तर चार. लहान ग्लास.

आनंदात मालिनीला फोन लावला, ढोल ऐकवायला. "हॅलो, मालू" म्हटलं. एवढ्यावर तिने फोन ठेवला. परत लावला, बंद.

या गावात रेंजच नाही.

१६ मार्च, रविवार

मनस्विनीचा पुण्याहून फोन. आमची एकुलती एक. आईने काही सांगितलं नाही, पण आई दोन दिवस जेवली नाहीये, असं मामा म्हणाला, काय झालं ते सांगा.

मी शिमग्याचं थोडक्यात सांगितलं. लिव्हरला एका दिवसाने काही होत नाही, हेही सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी रस्त्यावर तेल नव्हतं."

म्हटलं, तू तिथे होतीस का.

म्हणाली, "मी नव्हते. आई होती."

मुलांना पुण्याला शिकायला पाठवलं की अशी उलट उत्तरं येतात.

३० मार्च. गुढीपाडवा

गुढी उभारली नाही. काठी माळ्यावर आहे, उतरवताना खाली धरायला दुसरं कुणीतरी लागतं.

तेल नव्हतं.

चुलतमेहुण्याकडे जेवण होतं. मागच्या बाजूला बाटली होती. निघताना मालिनी म्हणाली, आपण रिक्षा करू, गाडी उद्या न्या. चारचौघांत म्हणाली, म्हणून मला राग आला. म्हटलं, बसायचं तर बस. ती बसली. वळण आलं ते मला दिसलं होतं. दिसूनही हात वळले नाहीत. ती खाली पडल्यावर ओरडली नाही. उजवा हात डाव्या हातात धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिली आणि मला म्हणाली, गाडी आधी बाजूला घ्या, मागून कुणी येईल.

तेलाचं दवाखान्यात मीच सांगितलं. ती तिथेच होती. काही बोलली नाही.

आता बंद म्हणजे बंद. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की मग ती येईल. तोपर्यंत तिने तरी कशावर विश्वास ठेवायचा. हातात कागद हवा.

६ मे. दुपारी १२.४०

एसजीओटी २९. जीजीटी ४८. मशीन ६.८. सातच्या आत.

बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात मिळवला. चरबी गेली म्हणाल्या. थोडा व्रण असेल, तो असू दे, त्याच्यावर तुम्ही म्हातारे व्हाल. मात्र पुन्हा सुरू केलीत तर पहिल्यापेक्षा लवकर बिघडेल. मी ऐकलं. या वेळी वाद घातला नाही.

रिपोर्टच्या दोन झेरॉक्स. एक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मालिनीच्या कपाटाचा एक कप्पा पुसून ठेवला. पुढच्या खोलीतली सतरंजी झाडली, शिकायला मुलं पुन्हा येतील. रविवारी मालगुंड.

११ मे, रविवार. संध्याकाळी ६

क्रमाने लिहितो.

सकाळी आरेवारेने गेलो. वळणावर गाडी वीसच्या वर नेली नाही. माडांच्या आगराच्या वाटेला लागलो तेव्हा पेटी ऐकू येत होती. मालिनीचाच हात, पण जरा सावकाश. बरं वाटलं. गाडी अंगणात आली आणि पेटी थांबली. मला वाटलं, रियाज संपला असेल.

पडवीत मालिनी आणि माई. पेटी दोघींच्या मध्ये ठेवलेली. माई भाता मारतात आणि मालिनी डाव्या हाताने वाजवते. शिकली म्हणे चार महिन्यांत. माई उठल्या आणि तुरुतुरु आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. त्यांच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही.

फोल्डर दिलं. मालिनीने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. जीजीटी म्हणजे काय, विचारलं. मी समजावलं. शेवटच्या पानापर्यंत गेली. तिचे डोळे भरले. म्हणाली, "खरंच छान झालं हो. किती कष्ट पडले असतील."

मी म्हटलं, बॅग भरून ठेव, उद्या भिकाजीची रिक्षा पाठवतो.

तिने फोल्डर मिटलं. "अहो, मी येत नाही."

म्हटलं, रिपोर्ट नॉर्मल आहे.

"वाचला ना आत्ता. पण मी कधी म्हटलं होतं, रिपोर्ट आणा म्हणून?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही. "सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी माझे कान तुमच्या गाडीकडे असायचे. स्टँड पहिल्या झटक्यात लागला तर मी पानं घ्यायची. दोन-तीनदा घसरला तर मनूला आतल्या खोलीत पाठवायची. मघाशी तुमची गाडी आली. तुम्ही प्यायलेले नाही, हे मला ठाऊक होतं. तरी हात थांबला. मी थांबवला नाही, आपला आपण थांबला. इथे गाड्या येतात, जातात, माझं लक्षसुद्धा नसतं. मला इथेच राहू द्या."

मी म्हटलं, तेल नव्हतं, मालिनी.

म्हणाली, "हो."

एवढंच. मला वाटलं होतं, हे सांगितल्यावर काहीतरी होईल.

म्हटलं, मी परत पिणार नाही.

"नका पिऊ. मी आले नाही तरी नका पिऊ."

तिने जेवायला थांबवलं. आमरस, भात, सांडगी मिरची. मेहुणा गंधार जेवताना आंब्याच्या भावाबद्दल बोलत राहिला, त्याचे आभार मानायला हवेत. निघताना मालिनीने फोल्डर परत दिलं. म्हणाली, पुढच्या तपासणीला लागेल, जपून ठेवा.

गाडी अंगणात सुरू केली नाही. ढकलत नेली. गंधार म्हणाला, "भावोजी, बिघडली का?" म्हटलं, नाही. आगरातून रस्त्यापर्यंत चढ आहे, दम लागला. घर दिसेनासं झाल्यावर थांबलो. पेटी ऐकू येते का पाहिलं. येत नव्हती. बराच वेळ उभा राहिलो. मग आली. तेव्हा किक मारली.

२० मे, मंगळवार. संध्याकाळी ६.१५

वर, सहा जानेवारीच्या योजनेत, मी "मालिनी परत" असं लिहिलं होतं, ते मघाशी वाचलं.

भिकाजी आला होता. तो हल्ली माझ्यासमोर घेत नाही, चहा पितो आणि जातो. आज साखर संपली होती, त्याने तसाच प्यायला.

पिठी केली. मीठ जास्त पडलं.

शिमग्यापासून सदुसष्ट दिवस झाले. कुणालातरी सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं आणि ठेवून दिला. इथे लिहून ठेवतो. आज घेतली नाही.